वाघनखं, बखर आणि ‘संदर्भ हवा’

जुलै २०२४ मध्ये लंडनहून वाघनखं साताऱ्यात आली. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमने ती तीन वर्षांसाठी महाराष्ट्राला दिली आणि पहिला मान साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयाला मिळाला. ते योग्यच होतं. अफजलखानाचा वध झाला तो प्रतापगड सातारा जिल्ह्यातला, आणि ही वाघनखं विलायतेला गेली तीसुद्धा साताऱ्याच्याच वाटेने. १८१८ ते १८२२ या काळात जेम्स ग्रँट डफ हा कंपनी सरकारचा अधिकारी साताऱ्याच्या दरबारात होता. त्याच्याकडे ती आली आणि त्याच्या घराण्याकडून पुढे संग्रहालयात पोचली. सोबत एक पेटी आहे. तिच्यावरचा इंग्रजी मजकूर सांगतो की शिवाजीने ज्या वाघनखांनी मोगल सेनापतीला ठार केलं ती हीच, आणि पेशव्यांच्या प्रधानाने ती ग्रँट डफला दिली.

मोगल सेनापती? चौथीचा इतिहास वाचलेलं पोरगंही सांगेल की अफजलखान आदिलशाहीचा सरदार होता. पुराव्याच्या पेटीवरच चूक!

पण तेवढ्यावरून वाघनखं खोटी ठरत नाहीत, आणि पेटीवर लिहिलंय म्हणून खरीही ठरत नाहीत. कोल्हापूरचे इतिहास अभ्यासक इंद्रजित सावंत यांनी जाहीर आक्षेप घेतला, सरकारच्या बाजूने उत्तरं आली, चॅनेलांवर आठवडाभर धुरळा उडाला. खुद्द लंडनच्या संग्रहालयाची भूमिका मात्र शांत होती: महाराजांनी वापरली ती हीच वाघनखं, याची खातरजमा करता येत नाही.

आता या वाघनखांवर ज्ञानकोशासाठी एकच वाक्य लिहायचं आहे असं समजा. ‘महाराजांनी अफजलखानाचा वध केला ती वाघनखं साताऱ्यात आली’ असं लिहिलंत तर तुम्ही पेटीच्या शब्दावर विसंबलात. ‘बनावट वाघनखं साताऱ्यात आली’ असं लिहिलंत तर तेही कुणी सिद्ध केलेलं नाही. उरतं तिसरं वाक्य: ‘ग्रँट डफच्या घराण्याकडून आलेली ही वाघनखं पेटीवरच्या मजकुरानुसार शिवाजी महाराजांची आहेत, मात्र याची खातरजमा करता येत नाही, असं संग्रहालय सांगतं.’ या लांबलचक, कोरड्या वाक्याला सभेत कुणी टाळी देणार नाही. पण यातला कुठला दावा कुणाचा हे कळतं, आणि तो दावा खरंच त्याने केलाय का हे कुणालाही जाऊन तपासता येतं. विकिपीडिया नावाचा अचाट प्रकार उभा आहे तो असल्या तिसऱ्या वाक्यांवर.

अचाटच म्हणायला हवा. १५ जानेवारी २००१ रोजी इंग्रजी विकिपीडिया सुरू झाला आणि २००३ साली महाराष्ट्र दिनी मराठी. कुणीही यावं, लिहावं, दुसऱ्याचं लिहिलेलं खोडावं. व्यवहारज्ञान सांगतं की अशा फळ्याचा आठवडाभरात शिमगा व्हायला हवा. तसं झालं नाही, याचं कारण काही नियमांत आहे आणि त्यातला मुख्य नियम पहिल्यांदा ऐकला की माणूस दचकतो. विकिपीडिया ‘खरं काय’ असं विचारतच नाही. तो विचारतो: हे कुणी म्हटलं, कुठे छापलं, आणि छापण्याआधी ते कुणी तपासलं? तुम्ही स्वतः साक्षीदार असलात तरी तुमच्या शब्दाला तिथे किंमत शून्य. तुम्ही घरच्या पेटाऱ्यातलं मोडी पत्र वाचून नवा शोध लावलात तर उत्तम, पण आधी तो इतिहासाच्या नियतकालिकात छापून आणा, मग या. आणि ज्या विषयावर जाणकारांतच दोन मतं आहेत, तिथे दोन्ही लिहा; ज्या मताला जाणकारांत जेवढं वजन, तेवढीच त्याला जागा.

मराठी विकिपीडियावर न पटणाऱ्या वाक्यामागे ‘संदर्भ हवा’ असा शेरा चिकटवतात. मोठे वाद ‘चावडी’वर जातात, त्या पानाचं नावच ते आहे. प्रत्येक लेखामागे एक ‘चर्चा’ पान असतं आणि एक ‘इतिहास’, ज्यात पहिल्या दिवसापासूनचा प्रत्येक बदल तारीखवेळेसह पडून असतो. इंग्रजी विकिपीडियावर चोवीस तासांत एकाच पानावर तीनपेक्षा जास्त वेळा दुसऱ्याचे बदल उलटवले तर तुम्हाला बाहेर बसवतात. फारच पेटलेल्या विषयांची पानं तीस दिवस जुन्या आणि पाचशे बदल केलेल्या सदस्यांनाच उघडी ठेवतात. भांडण मिटत नाही, पण ते कागदोपत्री राहतं.

हे सगळं सातारा-सांगलीच्या वाचकाला परकं वाटायचं कारण नाही. गेली दोनशे वर्षं हा मुलूख हेच भांडतो आहे.

फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘छावा’ चित्रपट आला आणि लोक मोबाईलवर संभाजी महाराजांचं पान शोधू लागले. इंग्रजी विकिपीडियावरच्या काही मजकुराने संताप उसळला. मुख्यमंत्र्यांनी सायबर पोलिसांना लक्ष घालायला सांगितलं, महाराष्ट्र सायबरने विकिपीडिया चालवणाऱ्या कॅलिफोर्नियातल्या विकिमीडिया फाउंडेशनला नोटीस धाडली आणि पुढे काही संपादकांवर गुन्हाही दाखल झाला. संताप समजण्यासारखा होता. पण हा मजकूर आला कुठून, असं विचारणारे थोडे होते. आणि त्या प्रश्नाचा माग काढत मागे मागे गेलं की आपण कॅलिफोर्नियात पोचत नाही. पोचतो ते साताऱ्याच्या दरबारात.

१८१० च्या सुमारास मल्हार रामराव चिटणीस यांनी साताऱ्याच्या दरबारात मराठेशाहीच्या बखरी लिहिल्या. संभाजी महाराजांची जी काळी प्रतिमा पुढे दीडशे वर्षं रूढ झाली, तिच्या मुळाशी मुख्यतः त्यांची बखर आहे. महाराजांचा मृत्यू १६८९ चा; म्हणजे लेखक आणि घटना यांच्यात जवळपास सव्वाशे वर्षांचं अंतर. त्याहून महत्त्वाची गोष्ट दुसरीच. मल्हार रामराव हे बाळाजी आवजी चिटणीसांचे वंशज. आणि बाळाजी आवजींना १६८१ साली संभाजी महाराजांनी कटाच्या संशयावरून देहदंड दिला होता.

विकिपीडियाच्या चर्चा पानावर आज असा सदस्य आला असता तर पाच मिनिटांत कुणीतरी लिहिलं असतं: हितसंबंध जाहीर करा. बखरीच्या पोथीवर असं लिहिण्याची सोय नव्हती. (इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर माझंही पान एकांगी होईल: बाळाजींचा मुलगा खंडो बल्लाळ पुढे स्वराज्याशी शेवटपर्यंत एकनिष्ठ राहिला. वंशज आहे म्हणून माणूस सूडच घेईल असं गृहीत धरणं हाही पूर्वग्रहच. पण अशा लेखकाची साक्ष एकटी पुरेशी मानायची नाही, एवढं तर खरं.)

मात्र दीडशे वर्षं नेमकं तेच झालं. बखरीवरून इतिहासकारांनी घेतलं, इतिहासकारांकडून नाटककारांनी. नाटकांवरून लोकांच्या मनात चित्र पक्कं झालं आणि मग ‘सगळेच असं म्हणतात’ हा नवा पुरावा तयार झाला. राम गणेश गडकऱ्यांच्या अपुऱ्या राहिलेल्या ‘राजसंन्यास’ नाटकातल्या चित्रणावरचा राग इतका टिकला की जानेवारी २०१७ मध्ये पुण्याच्या संभाजी उद्यानातला गडकऱ्यांचा पुतळा उखडून नदीत टाकला गेला. एकाच झऱ्याचं पाणी दहा घागरींत भरलं म्हणून झरे दहा होत नाहीत, पण घागरी मोजणाऱ्याला ते कळत नाही.

विकिपीडियाच्या जगात या आजाराचा एक मासला प्रसिद्ध आहे. २००८ साली एका अमेरिकन विद्यार्थ्याने दक्षिण अमेरिकेतल्या कोआटी या प्राण्याच्या पानावर गंमत म्हणून ‘याला ब्राझिलियन आर्डवार्क असंही म्हणतात’ असं घुसडलं. आर्डवार्क आफ्रिकेतला, दोघांचा काही संबंध नाही. पुढच्या काही वर्षांत ब्रिटिश वर्तमानपत्रांनी ते नाव वापरलं, एका पुस्तकातही ते आलं, आणि मग विकिपीडियावर त्या वाक्याला त्याच बातम्यांचा संदर्भ लागला! खोडी उघड व्हायला सहा वर्षं लागली. बखरीच्या चक्राला दीडशे लागली होती.

ते चक्र तोडलं कसं, ही खरी थक्क करणारी गोष्ट आहे. वा. सी. बेंद्रे यांनी बखर बाजूला ठेवून समकालीन साधनं गोळा केली: संभाजी महाराजांचं स्वतःचं संस्कृत लेखन, दानपत्र, पोर्तुगीज आणि इंग्रजी कागद. १९६० साली त्यांचं चरित्र आलं. १९७१ साली डॉ. कमल गोखले यांचं ‘शिवपुत्र संभाजी’ आलं. एका पिढीत माणसाची प्रतिमा पालटली, आणि हे काम मोर्चाने केलं नाही की फिर्यादीने. शत्रूच्या दप्तरातला कागद आपल्या बखरीपेक्षा न्यायी असू शकतो, हे मान्य करायला मात्र मोठं मन लागतं.

हे मन तयार करण्याचं काम आधीच्या पिढीने केलं होतं, आणि तेही याच कृष्णाकाठी. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांना वाईत पानिपतच्या आधीच्या दशकातला पत्रव्यवहार मिळाला. १८९८ साली त्यातून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड निघाला. पुढे असे एकूण २२ खंड झाले. प्रस्तावनेत त्यांनी बखरी अक्षरशः उलट्यापालट्या करून तपासल्या: इथे सन चुकला, इथे माणूसच चुकला, इथे ऐकीव गोष्ट डोळ्यांनी पाहिल्यासारखी सांगितली. त्याच सुमारास, १८९७ पासून, मिरजेत वासुदेवशास्त्री खरे नावाचे संस्कृतचे शिक्षक पटवर्धनांच्या दप्तरातली पत्रं निवडून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ काढत होते. १९२४ मध्ये वारले तोवर त्यांचे बारा भाग झाले होते, पुढचे मुलाने काढले. आणि साताऱ्यात दत्तात्रय बळवंत पारसनीस होते. त्यांनी जुने कागद आणि चित्रं यांचा असा संग्रह उभा केला की त्याचं पुढे संग्रहालय झालं. वाई, मिरज, सातारा: तीन गावांत तीन माणसं, आणि तिघांचा धंदा एकच. ‘संदर्भ हवा’ हा शेरा छापील रूपात महाराष्ट्राला शिकवला तो यांनी.

म्हणून राजवाडे निःपक्षपाती होते असं कुणी समजू नये. कागदाच्या बाबतीत कडक असलेला हा माणूस जातीच्या बाबतीत मात्र सरळसरळ तिरका होता. कायस्थ प्रभूंविषयी त्यांनी भारत इतिहास संशोधक मंडळाच्या वृत्तात जे लिहिलं, त्याला प्रबोधनकार ठाकऱ्यांनी १९१८ मध्ये ‘कोदण्डाचा टणत्कार’ लिहून असं उत्तर दिलं की टणत्कार अजून ऐकू येतो. गंमत बघा: चिटणीस घराणं कायस्थ प्रभूच. म्हणजे बखरकाराच्या पूर्वग्रहावर बोट ठेवणाऱ्या परंपरेच्या अध्वर्यूला त्या बखरकाराच्या जातीविषयी स्वतःचा पूर्वग्रह होता! पण राजवाड्यांनी कागद छापून ठेवले होते. त्यामुळे त्यांची मतं फेकून देऊनही त्यांचे खंड वापरता आले, अगदी त्यांच्या विरोधकांनाही. चांगल्या स्रोताची यापेक्षा मोठी परीक्षा मला ठाऊक नाही.

याच वाईत पुढे ज्ञानकोशाचा एक वेगळाच नमुना घडला. त्याआधी श्रीधर व्यंकटेश केतकरांनी १९१६ मध्ये कंपनी काढून, भाग विकून ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोश’ उभारला होता. तेवीस खंड, आणि पानोपानी केतकरांचा ठसा. देवराष्ट्र्यात जन्मलेले आणि कराडात वाढलेले यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना, १९६० मध्ये, साहित्य संस्कृती मंडळ स्थापन झालं. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे अध्यक्ष झाले आणि मराठी विश्वकोशाचं काम मुंबई-पुण्याऐवजी वाईला आलं. १९७६ साली पहिला खंड निघाला, विसावा २०१५ साली. एकोणचाळीस वर्षं! तर्कतीर्थ स्वतः काही राजकारणापासून अलिप्त नव्हते. अस्पृश्यतेच्या प्रश्नावर त्यांनी गांधीजींना शास्त्राधार पुरवले होते, पुढे ते मानवेंद्रनाथ रॉय यांच्या गोटात गेले. कोशाचा पैसाही सरकारचा. तरी विश्वकोशाच्या नोंदीवर लोकांनी विश्वास ठेवला, कारण नोंदीखाली लिहिणाऱ्याचं नाव असतं आणि संदर्भग्रंथांची यादी असते. चुकलं तर कुणाला धरायचं ते ठाऊक.

विकिपीडियाने हे उलटं केलं. नाव पुसलं आणि संदर्भ मात्र प्रत्येक वाक्यापर्यंत खाली आणला. विश्वकोशात तुम्ही माणसावर विश्वास ठेवता, विकिपीडियावर तळटिपेवर. म्हणूनच तिथली सगळी राजकीय लढाई अखेर तळटिपेपाशी येऊन थांबते: ‘विश्वासार्ह’ कुणाला म्हणायचं?

समजा सातारच्या इतिहासावर कुणी इंग्रजी पान लिहितोय. बखर चालेल? ते कच्चं साधन. जाणकाराने तिचा अर्थ लावलेला हवा. ग्रँट डफचा १८२६ चा इतिहास? तो साताऱ्यातच कागद मिळवून लिहिला गेला, पण १८६७ मध्येच नीलकंठ जनार्दन कीर्तने या तरुणाने त्याच्या उणिवा मराठीत मांडल्या होत्या. आज दोनशे वर्षांनी त्याच्यावर एकट्यावर विसंबणं बरं नव्हे. १८८५ चं सातारा गॅझेटियर? जातींच्या बाबतीत ब्रिटिश काळातल्या अशा वर्णनांना इंग्रजी विकिपीडियावर हल्ली थारा नाही. साहेबाने जातीची वजनं-मापं काढून लिहिलेलं कुणी डकवलं की जुने संपादक उडवतात, आणि ते योग्यच आहे. मग बेंद्रे? गोखले? चालतात की! इंग्रजीखेरीज इतर भाषेतला स्रोत तिथे चालतो. फक्त त्याच तोडीचा इंग्रजी स्रोत असेल तर त्याला पसंती.

आणि इथेच खरी मेख आहे. बेंद्रे ज्या कपाटात आहेत ते कपाट टोरांटोतल्या किंवा कोचीतल्या संपादकाला उघडता येत नाही. त्याच्या पडद्यावर येतं ते शोधलं की सापडणारं, इंग्रजी, स्कॅन झालेलं पुस्तक. तो प्रामाणिक आहे, नियम पाळतोय, आणि तरी त्याच्या पानावर साताऱ्याचा इतिहास साताऱ्याबाहेरच्या पुस्तकांनी भरतो. पक्षपात म्हटला की आपण कारस्थान शोधतो. माझ्या मते तो बहुतेक वेळा कारस्थानापेक्षा ग्रंथालयातून शिरतो.

आणि ज्यांच्याकडे ग्रंथालयच नव्हतं त्यांचं काय? १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार, म्हणजे इंग्रजांना समांतर असं भूमिगत सरकार, चाललं. आजच्या सांगलीतले वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके तेव्हा सातारा जिल्ह्यातच होते. गावोगाव न्यायदान मंडळं, तुफान सेना, बिनहुंड्याची गांधी लग्नं. भूमिगत सरकार आपली दप्तरं नीट जपून ठेवत नाही. ठेवली तर पकडलं जातं. म्हणजे व्यवस्थित कागद उरला तो पोलिसांचा, आणि त्यात हे सगळे दरोडेखोर. ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ सरकारी पगाराची गाडी अडवली, तिचं वर्णन लुटलेल्यांच्या फायलीत एक असणार आणि कुंडलच्या पारावर दुसरं. विकिपीडियाच्या नियमाने फाईलवर बेतलेलं पुस्तक पहिल्यांदा आत जातं, पार बाहेर राहतो.

पाराला आत नेण्याचा मार्ग एकच: कुणीतरी पद्धतशीर ऐकून, ताडून, छापायला हवं. ते काम वाळवा तालुक्यातल्या कासेगावात झालं. गेल ऑमव्हेट या अमेरिकेतून आलेल्या समाजशास्त्रज्ञ तिथे सून म्हणून राहिल्या. त्यांच्या सासूबाई इंदुताई आणि सासरे बाबूजी पाटणकर, दोघेही प्रतिसरकारातले. ऑमव्हेटबाईंनी साताऱ्याच्या प्रतिसरकारावर लिहिलं, ते १९८८ मध्ये १९४२ च्या चळवळीवरच्या विद्यापीठीय ग्रंथात आलं. पुढे पत्रकार पी. साईनाथ कुंडलला गेले आणि तुफान सेनेच्या ‘कॅप्टन भाऊ’ लाडांची साक्ष त्यांनी नोंदवून प्रसिद्ध केली. आता तळटीप देता येते.

सावध वाचक इथे मला अडवेल. बखरकार वंशज म्हणून संशयित, आणि ऑमव्हेटबाई सून असून विश्वासार्ह? हा दुजाभाव नाही का? हा प्रश्न मला आवडतो, कारण विकिपीडियाचं उत्तर त्याच्यातच आहे. नातं हा गुन्हा नाहीच. ऑमव्हेट यांनी कुठून काय घेतलं ते लिहिलं, दुसऱ्या इतिहासकाराने ते संपादित केलं, आणि तिसरा येऊन खोडू शकेल अशा जागी ते छापलं गेलं. बखरीच्या वाट्याला हे काहीच आलं नव्हतं. तरीही पाराचा सगळा आवाज पुस्तकात येत नाहीच. बत्तीस शिराळ्यात कैदेतल्या संभाजी महाराजांना सोडवण्याचा प्रयत्न झाल्याचं सांगतात. ते पानावर आणायचं तर ‘स्थानिक परंपरेनुसार’ या शब्दांना धरूनच आणावं लागेल. २०११ मध्ये विकिमीडियाच्या पैशाने अचल प्रभाला यांनी भारतात आणि दक्षिण आफ्रिकेत एक प्रयोग केला: तोंडी माहिती ध्वनिमुद्रित करायची आणि ते मुद्रणच संदर्भ म्हणून द्यायचं. कल्पना सुंदर होती. इंग्रजी विकिपीडियाच्या नियमांत ती रुजली नाही.

आजच्या राजकारणात तर स्रोतांची यादीच रणांगण झाली आहे. इंग्रजी विकिपीडियाने २०१७ मध्ये ब्रिटनचं ‘डेली मेल’ संदर्भ म्हणून बहुतांशी बाद केलं. २०२० मध्ये आपल्याकडची उजव्या बाजूची ‘ऑपइंडिया’ आणि ‘स्वराज्य’ काळ्या यादीत गेली, त्याच वर्षी डावीकडचं ‘ग्रेझोन’ही बाद झालं. ‘टाइम्स ऑफ इंडिया’ला सावधगिरीचा शेरा आहे, पैसे घेऊन छापलेल्या मजकुराचा मुद्दा त्यात येतो. उजवीकडची मंडळी म्हणतात, चाळणी डावीकडे झुकलेली आहे. विकिपीडियाचे सहसंस्थापक लॅरी सँगरही वर्षानुवर्षं हेच म्हणत आले. २०२४ मध्ये एएनआय वृत्तसंस्थेने स्वतःच्या पानावरच्या वर्णनाबद्दल दिल्ली उच्च न्यायालयात दोन कोटींचा दावा लावला. त्या दाव्याविषयीचं विकिपीडियाचं पानसुद्धा कोर्टाने काढायला लावलं. मे २०२५ मध्ये न्या. अभय ओक आणि न्या. उज्जल भुयां यांच्या सर्वोच्च न्यायालयातल्या पीठाने तो आदेश रद्द केला.

मग विकिपीडिया खरंच झुकलेला आहे का? शेन ग्रीनस्टीन आणि फेंग झू या संशोधकांनी अमेरिकी राजकारणावरचे विकिपीडिया आणि ब्रिटानिकातले सुमारे चार हजार लेख जोडीजोडीने ताडले. विकिपीडिया ब्रिटानिकापेक्षा काहीसा डावीकडे होता. पण ज्या लेखावर जास्त वेळा हात फिरला, तिथे तो फरक कमी होत गेला. २०१९ मध्ये ‘नेचर ह्यूमन बिहेवियर’मध्ये आलेला अभ्यास तर चावडीवरच्या कुणालाही हसू आणेल: ज्या लेखांवर कट्टर डावे आणि कट्टर उजवे दोघेही राबले, ते लेख एकाच मताच्या किंवा मधल्या मताच्या मंडळींच्या लेखांपेक्षा सरस निघाले. भांडणं लांबली, पण संदर्भ वाढले. शत्रू समोर बसलेला असला की माणूस तळटीप नीट देतो.

हे वाचून इंग्रजीची काळजी थोडी कमी होते, मराठीची वाढते. मराठी विकिपीडियावर लाखाच्या आसपास लेख आहेत, पण नेमाने राबणारी माणसं मूठभर. बहुतेक पानांवर भांडायला समोर कुणी नसतंच. एकाने लिहिलं की ते तसंच राहतं, गावच्या पानावर गावच्या पुढाऱ्याची स्तुती वर्षानुवर्षं नांदते. छोट्या विकिपीडियाचं काय होऊ शकतं ते क्रोएशियाने पाहिलं. तिथला विकिपीडिया जवळपास दशकभर एका कट्टर उजव्या टोळक्याच्या हाती होता, दुसऱ्या महायुद्धातल्या अत्याचारांची पानं सौम्य केली गेली, न पटणारे संपादक हाकलले गेले. २०२१ च्या विकिमीडियाच्या अहवालात हे सगळं आलं. तिथे कुणी बाहेरून घुसलं नव्हतं. बाकीचे निघून गेले होते.

तेव्हा संभाजी महाराजांचं पान चुकलंय, प्रतिसरकारचं पान तोकडं आहे, आपल्या तालुक्याच्या पानावर भलतंच काही आहे असं वाटलं तर आधी त्याचा ‘इतिहास’ उघडा, मग ‘चर्चा’ उघडा, आणि तिथे पुस्तकाचं नाव, पान आणि साल लिहा. वाईच्या विश्वकोशाचे खंड २०११ पासून इंटरनेटवर वाचायला खुले आहेत. त्यातला मजकूर उचलून चिकटवू नका, त्याचा संदर्भ द्या. राजवाडे १९२६ मध्ये गेले, वासुदेवशास्त्री खरे १९२४ मध्ये. त्यांच्या लेखनावरचा प्रताधिकार कधीच संपला आहे. मराठी विकिस्रोतावर अशा पुस्तकांची स्कॅन केलेली पानं चढवून, वाचून, शुद्ध करून ठेवता येतात, आणि त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही. मिरजेतल्या दप्तरातलं एखादं पत्र असं शोधात सापडू लागलं, की टोरांटोतल्या त्या संपादकाला ग्रँट डफकडे जायची गरज उरणार नाही.